दोंडाईच्याची केळी

मुरलीभाऊ,

परवा तुमच्या दारावर येऊन गेले. यायचं होतं तुमच्या गंधमुक्तीच्या दिवशीच, पण ऑफिसात नेमकं सगळं बंद पडलं आणि मला कुणी सोडेना. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा मांडववाले दोर सोडवत होते. "आलीस? जेवणं उठल्यावर?" असं तुम्ही म्हणाला असता. रावेरच्या पुढे केळी भरलेले ट्रक रस्त्यात आडवे, एसटी जागची हलेना, आणि मी खिडकीशी बसून तुमच्याच आवाजात स्वतःला बोलून घेत होते. थकलेय मी, भाऊ. रडायचं म्हटलं तरी आधी कुठेतरी टेकावंसं वाटतं.

वहिनी आत होत्या. माझा हात धरून बसल्या. आबा बाहेर ओट्यावर. तुमचे थोरले भाऊ, ज्यांनी बाग सांभाळली म्हणून तुम्हाला शिकता आलं, असं तुम्ही सांगायचात. ते स्वतः वेगळं सांगतात. म्हणाले, "त्याले केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापायचा कंटाळा. म्हून धाडलं जळगावले." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तू शाहीन ना? तुहंच नाव घे तो घरी. शाहीन असं म्हने, शाहीन तसं म्हने, शाहीन ऐकत नाही." मला त्यातलं शेवटचं तेवढं खरं वाटलं.

चहा झाला. मग आबांनी विचारलं, "मले एक सांग. इतकी वरसं तो हापिसात त्या टीव्हीत काय पाहे?"

काय सांगणार? मी फोनवर तुमच्या गावाचं चित्र काढलं. उपग्रहातून घेतलेलं, आपण नकाशाच्या कामाला वापरतो त्या रंगांतलं. फोन आबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे लाल काय? आग लागली का काय गावाले?"

"लाल म्हणजे हिरवं, आबा," मी म्हटलं. आणि मग तुम्ही मला पहिल्या दिवशी जसं सांगितलं होतंत तसंच सांगितलं. आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो, हिरवं पान तो भरपूर परत फेकतं, वरच्या कॅमेऱ्याला तो दिसतो. तो माणसाला दाखवायचा कसा? म्हणून त्याला लाल रंग देतात. पीक जितकं जोमात तितकं लाल. कोरडी माती निळसर करडी, पाणी काळं, आणि केळीची बाग सगळ्यांत गर्द.

आबांनी बोटानं नदी शोधली, नदीवरून रस्ता, रस्त्यावरून आपली बाग. बोट तिथेच ठेवलं. "म्हंजे त्याले आमची केळी आयुष्यभर लाल दिसे? आन् आमी समजे का तो हिरवी पाहून राह्यला." ते हसले. मग खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसले आणि फोन मला परत दिला.

येताना एसटीत मला वाटत राहिलं की आबांना दोंडाईच्याची गोष्ट सांगायला हवी होती. पण दुःखाच्या घरात हसायची गोष्ट कशी सांगणार? आणि तुम्हाला ती कुणी सांगितलेली आवडायची नाही. आता तुमच्याच समोर सांगते. उठून जाता येणार नाही तुम्हाला.

तुम्ही चित्र बघायला शिकलात ते खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर. चित्राच्या फिल्मवर पारदर्शक कागद, हातात बारीक पेन, आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं: इथे वस्ती, इथे बागायत, इथे कोरडवाहू, इथे जंगल, इथे पडीक. या नकाशावर पुढे जिल्ह्याची योजना बसते, रस्ते कुठून जाणार, कारखाने कुठे येणार, गाव कुठल्या बाजूला वाढणार, ते ठरतं. हे तुम्ही नव्या माणसाला इतक्या गंभीरपणे सांगायचात की तो घाबरून चहाच घ्यायचा नाही. आणि स्वतः मात्र नवीन चित्र आलं की सगळ्यांत आधी आपलं गाव उघडायचात. "बाग आहे का जाग्यावर ते पाहू दे." ती लाल दिसली की तुमचा दिवस चांगला. केळी हातात दिली तर खायचा नाहीत, म्हणायचात आमच्याकडे ती विकायची असते. पण पडद्यावर तिच्याकडे बघताना तुमचं तोंड गोड व्हायचं.

मग विमानातून काढलेली चित्रं आली. जशाच्या तशा रंगाची. झाड हिरवं, डांबर काळं, पत्रा चकचकीत. आम्ही नवी माणसं खूश, तुम्ही नाराज. "ह्यात काय वाचायचं? हे तर कोणीही वाचील." चाचणीसाठी धुळे जिल्ह्याची काही शीटं आली होती, थंडीतली. तुमच्या टेबलावर दोंडाईचा. आणि दुपारी जेवणानंतर तुम्ही हाक मारलीत, "शाहीन, इकळे ये. दोंडाईच्याले केळी कधी लागली?"

मी आले. गावाच्या कडेला, रस्त्याला लागून, लालभडक चौकोन. एकाला लागून एक, मधून पायवाटा. तुम्ही हद्द आखून टाकली होतीत, आत नावही दिलं होतंत: बागायत, केळी. आणि माझ्याकडे न बघता समजावून सांगत होतात की तापीचं पाणी आता तिकडे खेळायला लागलं असणार, आपल्या रावेरचा कुणीतरी जावई रोपं घेऊन गेला असणार, आणि बघ, लागवड कशी ओळीत आहे, शिकलेला शेतकरी दिसतो.

मी म्हटलं, "भाऊ, बाजूचा निंब हिरवा आहे."

"मग?"

"निंब हिरवा आहे, तर लाल आहे ते लालच असेल ना."

तुम्ही पडद्याच्या कोपऱ्यात बघितलंत. कुठलं चित्र उघडलंय ते तिथे लिहिलेलं असतं: विमानातलं, खऱ्या रंगांचं. आयुष्यभर लालाला हिरवं समजलेला माणूस, हात आपोआप चालला. कुणीतरी खुदकन हसलं आणि मग ऑफिसभर पसरलं. पुढचे कितीतरी दिवस तुम्ही आत आलात की कुणीतरी विचारायचं, "भाऊ, दोंडाईच्याची केळी पिकली का?" तुम्ही फुगून बसलात. माझ्याशी बोलणं बंद, मला "मॅडम" म्हणणं सुरू. माझ्याशी काय म्हणून? मी तर फक्त निंब दाखवला होता. आणि एका सकाळी कुणाला काही न सांगता जीप मागवलीत. "चला मॅडम. पाहून येऊ तुमचं खरं लाल काय आहे ते."

इथे एक गोष्ट बोलून टाकते, कारण तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही. जीपमध्ये बसता यायचं ते तुमच्यामुळे. मी लागले तेव्हा अब्बांची अट होती, खुर्चीवरचं काम करायचं, गावोगाव फिरायचं नाही. तुम्ही एक दिवस आमच्या रंगाच्या दुकानात येऊन उभे राहिलात. मुलींच्या शिक्षणावर भाषण द्याल म्हणून मी मागच्या दाराशी कान देऊन होते. तुम्ही अब्बांशी हिरव्या रंगावरून भांडलात. कुठल्या डब्यातला हिरवा उन्हात टिकतो आणि कुठला फटकन उडतो, यावर. अब्बा चिडले, तुम्ही चिडलात, दोन वेळा चहा झाला. उठताना म्हणालात, "उद्यापासून हिला जीपनं नेतोय. दिवस मावळायच्या आत आणून सोडतो." अब्बा म्हणाले, "बरं." इतकंच. मी तुमचे आभार मानायला हवे होते, पण तुम्ही आभार मानू देणाऱ्यांतले नव्हतात. मानले असते तर म्हणाला असता, "कशाले?"

त्या दिवशी आपण धुळ्यावरून गेलो. सोनगीरला चहाला थांबलो तेव्हाही तुम्ही बोलत नव्हतात, किल्ल्याकडे तोंड करून बशीतून चहा प्यालात. दोंडाईच्याच्या अलीकडे जीपची काच खाली होती आणि पहिली शिंक ड्रायव्हरला आली. मग मला. मग तुम्हाला, आणि तुमची थांबेचना.

मिरच्या. ओल्या लाल मिरच्या उन्हात वाळत घातलेल्या, नजर जाईल तिथवर. तिथले लोक त्याला पथारी म्हणतात. तोंडाला फडकी बांधलेल्या बाया ओळीत बसून देठ खुडत होत्या. तुम्ही नाकाला रुमाल लावून उभे, डोळ्यांतून पाणी, आणि तरी पहिला प्रश्न विचारलातच, "इथे पूर्वी केळी होती का हो?"

सगळ्या हसल्या. त्यांतली एक, सुमनअक्का, ओळीतली सगळ्यांत वयस्क, फडकं खाली करून म्हणाली, "केळी? आठे कोठून येई केळी, भाऊ? मिरची शे मिरची. एक खाई दखा, मंग समजी जाई."

आणि तुम्ही खाल्लीत. इतकी वर्षं मी तुम्हाला ओळखते, पण त्या क्षणी तुमच्या डोक्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. अख्खी मिरची चावलीत, लाल झालात, खोकलात, सुमनअक्कानं तांब्याभर पाणी दिलं ते उभ्यानं संपवलंत. आणि मग तुम्ही हसलात. जळगाव सोडल्यापासून पहिल्यांदा. तिच्या शेजारी पोत्यावर बसलात आणि विचारत राहिलात. कोण येतं, कुठून येतं, उन्हाळ्यात इथे काय असतं.

"उन्हाळाम्हा आठे काय नही ऱ्हास," ती म्हणाली. "पन दिवाळी झाई का बठ्ठा गाव आठेच ऱ्हास. पोरंबी आठेच, भाकरबी आठेच." तिच्या अहिराणीतलं मला इतकं कळलं: उन्हाळ्यात रिकामं, दिवाळीनंतर सगळं गाव तिथेच.

परत येताना तुम्ही पुन्हा "शाहीन" म्हणायला लागलात. तुमच्या रुमालाचा वास महिनाभर टेबलावर होता. मला वाटलं, गोष्ट संपली. हसून झालं, मिरची खाऊन झाली.

पक्क्या कामाचं चित्र आलं ते उन्हाळ्यातलं. आभाळ मोकळं असतं म्हणून तसंच घेतात. उन्हाळ्यात आपला अर्धा खानदेश करडा दिसतो, आणि दोंडाईच्याच्या कडेला तो तुकडा नुसता कोरा, झाडून ठेवलेल्या अंगणासारखा. आता नावं द्यायला माणूस लागत नाही, पहिला हात मशीनच फिरवतं. त्यानं नाव दिलं: पडीक. आणि पडीक म्हटलेल्या जागेवर सगळ्यांचा डोळा आधी जातो हे तुम्हीच मला शिकवलंत. कच्च्या आराखड्यात त्या तुकड्यावर ट्रक उभे करायची जागा सुचवलेली होती. गावाजवळ, रस्त्याला लागून, सपाट, रिकामी. नकाशावर बघणाऱ्याला याहून चांगली जागा सापडणार नाही.

तुमची ती चूक झाली नसती तर मीही मान हलवून पुढच्या शीटला गेले असते. आणि तुम्हीही, भाऊ. खोटं कशाला बोलायचं? आपल्याला तिथली मिरची ठाऊक होती ती फक्त तुम्ही तिला केळी म्हणालात म्हणून.

पडीक लिहायचं नाही यावर आपलं एकमत होतं. भांडण त्याच्या पुढचं. तुम्ही म्हणालात, शेती लिही. मी म्हटलं, शेती कशी? तिथे पेरत नाहीत, उगवत नाही, सातबाऱ्यावर पीक नाही.

"मिरची शेतातून येते का नाही?"

"पीठपण शेतातून येतं. मग गिरणी शेती का?"

"तू मले शिकवू नको."

"मी शिकवत नाही. मी नकाशाची यादी वाचून दाखवतेय. माल येतो, माणसं लावून त्यावर काम होतं, माल पुढे जातो. याला उद्योग म्हणतात."

मग तुम्ही खुर्ची माझ्याकडे फिरवायचात. "उद्योग लिहिलंस तर बाजूच्या नव्या कॉलनीतले पहिल्या दिवशी अर्ज घेऊन येतील. आमच्या नाकात मिरची जाते, हा उद्योग गावाबाहेर काढा. काढतील. नियमानं काढतील. मग त्या बाया भाकरी बांधून कुठे जातील?" आणि मी म्हणायचे, "आणि शेती लिहिलं तर पहिला हरकत घेणारा उतारा पुढे करील, आपलं लिहिणं खोटं ठरेल, आणि एकदा खोटं ठरलं की तुकडा पुन्हा पडीकच." तुम्ही म्हणायचात, जे त्यांना वाचवील ते लिही. मी म्हणायचे, जे खरं आहे तेच त्यांना वाचवील, उशिरानं का होईना. तुम्ही म्हणायचात, उशिरानं म्हणजे किती, ते सुमनअक्काला विचार.

दुसऱ्या दिवशी तेच. पुन्हा चहा, पुन्हा तेच. बाकी सगळं शीट रंगून झालं. तो एक तुकडा मधोमध पांढरा. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय राहिलंय? आणि आपण दोघं एकाच वेळी म्हणायचो, "चर्चा चालू आहे."

त्याच काळात तुम्ही पोटावर हात ठेवून बसायला लागलात. ॲसिडिटी म्हणालात. मी जेलुसिल आणून दिलं आणि तुम्ही ते शहाण्यासारखं घेतलंतही. तेव्हा तुम्हाला सगळं कळलेलं होतं, भाऊ. आबांनी परवा सांगितलं, डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. याचा मला राग आहे. शीटवर बारीकशा ओढ्याचं नाव चुकलं तर तुम्ही ऑफिस डोक्यावर घ्यायचात. आणि एवढी मोठी गोष्ट कोरी सोडून दिलीत? मी काय तुम्हाला रडून दाखवलं असतं? दाखवलंही असतं. तेवढा हक्क होता माझा.

तुमचा शेवटचा फोन दवाखान्यातून आला. आवाज ओळखू येईना, इतका बारीक.

"तो तुकडा रंगवलास का?"

"नाही."

"मग ठीक. मी आलो की भांडू."

"या," मी म्हटलं.

एवढंच. काही मोठं बोलायला हवं होतं का? तेव्हा सुचलं नाही आणि आता सुचून उपयोग नाही. घरी मी तुमच्यासाठी दुआ मागितली. तुम्हाला चालणार आहे की नाही ते विचारायचं राहिलं. चालवून घ्या.

तुम्ही गेल्यानंतरच्या आठवड्यात ऑफिसचे नवे साहेब माझ्या टेबलाशी आले. माणूस वाईट नाही. त्यांनाही वरून फोन येतात. म्हणाले, "मॅडम, एका तुकड्यापायी अख्खं शीट अडलंय. काहीतरी टाका आणि पुढे पाठवा." काहीतरी टाका. मी बसले. शेतीचा रंग निवडला, सोडला. उद्योगाचा जांभळा निवडला. बटण दाबायला जाणार तर कानात तुमची खुर्ची फिरली. आता अडवणारं कुणी नव्हतं. मला हवं ते लिहिता येत होतं, आणि मी बरोबर होते, भाऊ, हे मी आजही म्हणते. पण समोर कुणी नसताना बरोबर असण्यात काही जीवच उरत नाही. मी हात काढून घेतला.

शेवटी तुकडा पांढराच ठेवून शीट पाठवलं. सोबत दोन चित्रं जोडली, उन्हाळ्यातलं कोरं आणि चाचणीतलं थंडीचं लाल. खाली लिहिलं, एकच जागा, वेगळा ऋतू, प्रत्यक्ष पाहणी व्हावी. यावर काय होणार ते मला ठाऊक होतं. 'अपूर्ण' असा शेरा मारून परत येणार. आणि मग मला काहीतरी टाकावंच लागणार.

काल दुपारी फोन आला. तपासणीचे साहेब, निवृत्तीला आलेले, कधी भेट नाही. आवाज खर्जातला, जरा वैतागलेला.

"मॅडम, हा दोंडाईच्याचा तुकडा मोकळा का सोडलात? आणि पाहणी कसली करायची त्यात? दुसऱ्या चित्रात स्वच्छ दिसतंय की. एवढी गर्द लाल. बागायत आहे, केळी असणार. धुळ्याकडे केळी कधीपासून लागली हो?"

भाऊ, मी खुर्चीवरून उठले. का उठले माहीत नाही. तुमच्या टेबलाकडे बघितलं. त्यावर आता दुसऱ्याचा डबा असतो. तिकडे ते हॅलो हॅलो करून थकले.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही पूर्वी काचेच्या टेबलावर काम केलंय का?"

"आयुष्य गेलं त्यात. का?"

"काही नाही. त्या चित्रात बाजूला एक निंबाचं झाड आहे. त्याचा रंग बघता का?"

 पलीकडून माऊसची टकटक ऐकू आली, मग खुर्ची करकरली. मला वाटलं आता चिडतील, फोन ठेवतील. ते हसायला लागले. आधी दबकून, मग मोकळेपणानं, तुम्ही पोत्यावर बसून हसला होतात तसे. "अरे देवा," म्हणाले. "मग हे आहे तरी काय?"

सांगणं सोपं होतं. एका शब्दाचं काम. मिरची. पण मी सांगितलं नाही. म्हटलं, "साहेब, फोनवर नाही सांगता येत. आत्ता हंगाम चालू आहे. एकदा येऊन बघा."

"येतो," ते म्हणाले. "सोमवारी येतो. तोवर तो तुकडा तसाच राहू द्या."

तर सोमवारी जायचंय. शेती का उद्योग, ते तिथे उभं राहून ठरेल, माझ्या आणि त्यांच्या भांडणात. तुमची बाजूही मलाच मांडावी लागणार आहे असं दिसतं. मी ती वाईट मांडीन, आधीच सांगून ठेवते. ओला रुमाल घेईन, पाणी जास्त घेईन. सोनगीरला चहाला थांबू. पुढची जागा साहेबांना द्यावी लागेल, मी मागे बसेन. आणि सुमनअक्का त्यांना मिरची खायला लावील, त्याबद्दल मला काडीची शंका नाही. पण त्याच्या आधी ती जीपकडे बघून विचारणार, केळीवाला साहेब कोठे शे? तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आणि तुम्ही विचाराल म्हणून सांगते. नाही, भाऊ. तो तुकडा अजून रंगवलेला नाही.